खिरापत

मालतीने झाकण घट्ट लावलेला डबा दोन्ही हातांनी हलवला. आत काहीतरी गडगडले.

‘शेव,’ एक पोरगी म्हणाली. दुसरीला करंज्या वाटल्या.

मालती नुसती मान हलवत राहिली. भुलाबाईची गाणी संपली होती, आणि खिरापत ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नसतो. भुलाबाई नलिनीच्या धाकट्या मुलीने मांडली होती, टीव्हीशेजारी.

मालती आणि नलिनी पांढुर्ण्यात एकाच गल्लीत वाढल्या. तेव्हा नलिनी कुणाचीही खिरापत ओळखायची, कारण मालती आधी चौकशी करून तिला खूण करायची. नाक चोळले की तिखट, कानाची पाळी धरली की लाडू.

वैशाखात बोरगावला मालतीच्या मुलीचे, छायाचे लग्न झाले. बोरगाव काही विलायतेत नाही. तरी नलिनी आली नाही, नवऱ्याच्या ऑफिसातल्या शिपायाच्या हाती भिंतीवरचे घड्याळ पाठवले. बाहुलीच्या लग्नात जिने वरमाई म्हणून रुसून मान घेतला, तिने खऱ्या लग्नाला शिपाई धाडावा! मालतीने मांडवात तिच्यासाठी शेवटपर्यंत खुर्ची अडवून ठेवली होती. जावा तोंडाला पदर लावून हसल्या.

काल माहेरी आलेली मालती आज नलिनीच्या घरी आली, आणि आल्याआल्या तिने विचारलेच.

‘काहून नाही आली वं?’

‘अगं, आमच्या साहेबांकडे वरचे लोक आले होते. कशी निघणार?’

आणि वर, घड्याळ नीट चालते ना, हेही नलिनीने विचारले. मालतीच्या अंगाचा तिळपापड झाला.

पोरींचे अंदाज संपले. मुलीने नलिनीला पुढे ढकलले. नलिनी हसली, आणि तिने डब्याकडे न पाहता मालतीच्या कानाकडे पाहिले.

म्हणजे हिला आठवत होते. सगळे आठवत होते, आणि तरी आली नव्हती.

मालतीचा हात सवयीने कानाकडे गेलाच होता. तिने तो खाली घेतला आणि डब्यावर दाबून धरला. नलिनी थांबली. तिने पुन्हा पाहिले. तिचे हसू हळूहळू गेले.

‘हरली म्हण,’ मालती म्हणाली.



‘हरली मी, मालू.’

मालतीने झाकण काढले. बुंदीचे लाडू होते, सकाळी माहेरच्या चुलीपाशी बसून तिने स्वतः वळलेले. पोरींचे हात बाजूला सारून तिने पहिला लाडू नलिनीच्या तळहातावर ठेवला.

‘खाय. छायाच्या लगनाचा आहे.’