मातीचे पाय

“आत्या, जरा धरता का? हात भरून आलेत,” म्हणत सुकर्तीनं पोर माझ्याकडे दिलं. सुकर्ती माझ्या भाच्याची बायको. मी मान सावरून दार्माला मांडीवर घेतलं.

आमच्या बालीत दर सात महिन्यांनी ओटोनान, म्हणजे वाढदिवस येतो; पहिल्या ओटोनानचा विधी होईस्तोवर बाळाचे पाय भुईला लावत नाहीत. तोवर ते देवाचं. देवाचं असेल, पण वाहायचं मात्र बायकांनी! त्यातून हे बाजेवर ठेवलं की किंचाळतं. सुकर्ती, माझी वहिनी आणि मी, आम्हा तिघींची कंबरडी मोडली.

चौथ्या महिन्यात दार्मा खुदकन हसायचा. मग एकेक विसरत गेला. हसू गेलं, नजर गेली, मान गेली. देनपासारच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूच झिजत चाललाय, लाखात एखाद्याला होतं, औषध नाही. वर्ष निघालं तरी खूप.

ओटोनान उद्यावर आलं आणि वहिनी, म्हणजे दार्माची आजी, अडून बसली.

“मान धरू दे आधी. असं लोळागोळा पोर मातीला टेकवायचं? गाव काय म्हणेल? पुढच्या खेपेला करू.”

“पुढची खेप सात महिन्यांनी, आई. तोवर तो नसेल.”

“शुभ बोल गं! पोटचं पोर जड झालं होय तुला?”

“झालं,” सुकर्ती म्हणाली. “जड झालं. दमले मी. पण तो देवाचा म्हणून जायला नकोय मला. माझा होऊन जाऊ दे.”

मी सुरी आणि पानं वहिनीपुढे सरकवली.

“गावाचं तोंड कोण धरणार, वहिनी?” मी म्हटलं. “चल, नैवेद्याची पानं कातरायला बस.”

ती बसली. नाक ओढत, पण बसली.

दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यानं मंत्र म्हणून पाणी शिंपडलं. मान वहिनीनंच धरली. पण दार्माचे पाय ताठलेले, अंगठेच काय ते टेकले. तेव्हा सुकर्तीनं अंगणातली ओली माती ओंजळीत घेतली आणि त्याच्या दोन्ही तळव्यांना दाबून लावली. पोर दचकलं, रडलं नाही. आम्हीच रडलो.

माणसं जेवून गेली. सुकर्तीनं त्याला अंगणात चटईवर निजवलं आणि शेजारी बसून राहिली. वहिनी ओलं फडकं घेऊन पाय पुसायला वाकली.

सुकर्तीनं तिचा हात धरला.

“राहू द्या, आई. खेळून आल्यासारखा दिसतोय.”