निळी घ्यावी की पांढरी

काकासाहेब औताडे एकतीस वर्षं वीज खात्यात होते. वायरमन म्हणून चिकटले, फोरमन होऊन रिटायर झाले आणि एवढ्या नोकरीतून त्यांनी एकच ज्ञान घरी आणलं: विजेवर भरवसा ठेवायचा नाही. सिडकोतल्या त्यांच्या घरात एक इन्व्हर्टर होता. तो बंद पडला तर म्हणून दुसरा होता. दोन्ही बंद पडले तर म्हणून देवघराखाली कंदील होता. रॉकेल मिळायचं बंद होऊन जमाना झाला, तरी कंदील दर अमावस्येला पुसला जायचा.

अशा माणसाच्या मुलीनं एका रविवारी पोहे खाताखाता जाहीर केलं, की ती विजेवरची गाडी घेणार.

राजनंदिनी शेंद्र्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. येऊन-जाऊन रोजचे चाळीस किलोमीटर. पैसे तिचे, गाडी तिची. महिनाभर लॅपटॉपवर तक्ते करून तिनं दोन गाड्या नक्की केल्या होत्या, एक निळी आणि एक पांढरी.

"पप्पांना संगं घेऊन जा," वच्छलाबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. "नायतर गाडी जुनी होईपर्यंत तोंड फुगवून बसतील."

म्हणून त्याच दिवशी बापलेक जालना रोडवरच्या निळ्या गाडीच्या शोरूममध्ये गेले. तिथं ऋतुराज नावाचा टायवाला सेल्समन होता. त्यानं दार उघडून काकासाहेबांना आत बसवलं आणि समोरची स्क्रीन दाखवली.

"एवढी परात कशाला?" काकासाहेब म्हणाले. "भाकरी थापायची का हिच्यावर?"

"काका, सगळी गाडी ह्याच्यावरनंच चालते. एसी, गाणी, नकाशा..."

"ते असू द्या. चार्जिंगला किती वेळ लागतो?"

"फास्ट चार्जरवर अर्ध्या तासात, काका."

काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हा अर्धा तास त्यांच्या ओळखीचा होता. ओळखीचा कसला, त्यांनीच तो लहानाचा मोठा केला होता. कन्नडला नोकरीवर असताना पिठाच्या गिरणीचा मालक रोज फोन करायचा, "साहेब, लाईन कधी येणार?" आणि काकासाहेब सांगायचे, "अर्ध्या तासात." तेव्हा खांब कुठंतरी उसात आडवा पडलेला असायचा आणि काकासाहेब चहाच्या टपरीवर उभे असायचे. कन्नडच्या बाजारात लोक त्यांना पाठीमागं 'अर्धा तास साहेब' म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"बाळा," ते ऋतुराजच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे वाक्य मी तू जन्मायच्या आधीपासून वापरतो. खरं सांग."

"खरंच काका. म्हणजे, दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत. चार्जर मोकळा असला तर."

"आन्?"

"आणि चालू असला तर."

"आलं का बाहेर!" काकासाहेब खूश झाले.

मग चक्कर मारायला निघाले. राजनंदिनी चालवायला, शेजारी ऋतुराज, मागं काकासाहेब. तिचा मोबाईल गाडीला जोडून दिलेला होता. चिकलठाण्याकडं रस्ता जरा मोकळा मिळाल्यावर ऋतुराज म्हणाला, "मॅडम, स्टिअरिंगवरचं हे बटण दाबा आणि काय पाहिजे ते बोला. गाडी ऐकते." राजनंदिनीनं बटण दाबलं आणि त्याच झटक्यात पायही दाबला. गाडी अशी सुटली, की काकासाहेबांची पाठ सीटला चिकटली.

"अगं आई गं!" ते ओरडले.

गाडी ऐकत होती. तिनं मुकाट्यानं घरी आईला फोन लावला. काकासाहेबांच्या आरडाओरड्यात ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"आईलाही आणायला पाहिजे होतं," राजनंदिनी वेग कमी करत म्हणाली.

"तिला आणून काय उपेग? तुझ्या आईला गाडीतलं काय कळतंय? मी ऑफिसच्या जीपवर शिकवायला गेलो, तर तिनं क्लच समजून ब्रेक दाबला आन् ब्रेक समजून हॉर्न. पार बाभळीत घातली असती जीप. सोडून दिलं मी."

"तीन मिनिटं शिकवलं होतं तुम्ही," गाडी म्हणाली.

काकासाहेबांनी ऋतुराजकडं बघितलं. ऋतुराजनं स्क्रीनकडं बघितलं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात 'आई' लिहिलं होतं आणि खाली सेकंद पळत होते.

"तीन मिनिटं," गाडीच्या चारी कोपऱ्यांतून वच्छलाबाईंचा आवाज आला. "त्यातली दोन वरडण्यात गेली. या आता घरी, पिठलं केलंय."

त्या दिवशी पिठल्यात मीठ नव्हतं. मागायची काकासाहेबांची छाती झाली नाही.

पुढच्या रविवारी पांढरी गाडी बघायला जायचं होतं. सगळ्यात आधी तयार होऊन दारात कोण उभं, तर वच्छलाबाई. ठेवणीतली साडी, हातात पाण्याची बाटली.

तिथल्या शोरूममध्ये गजाला नावाची सेल्सवाली होती. डोक्याला फिकट स्कार्फ, बोलणं ठसठशीत. काकासाहेबांनी बसायच्या आधीच सापळा लावला.

"चार्जिंगला किती वेळ?"

"बाहेर लावली तर सवा घंटा पकडून चला, अंकल. पुढं दुसरी गाडी लागलेली असली तर तिचा नंबर आधी. संगं डबा ठेवा."

काकासाहेब जरा गडबडले. "आन् लाईट गेली तर?"

"तर लाईट आल्यावर."

एवढं सरळ उत्तर त्यांनी एकतीस वर्षांत ना दिलं होतं ना ऐकलं होतं. ते लेकीच्या कानाशी लागले, "हीच घ्यायची."

"पप्पा, अजून गाडी बघितली नाही आपण."

इकडं वच्छलाबाई गाडीच्या उघड्या दारातून आत वाकून खाली काहीतरी शोधत होत्या. "पोरी, ह्याच्यात क्लच कुठला?"

"क्लच नायच, आंटी. गियर बी नाय. हे दाबलं की चालती, हे दाबलं की थांबती. बस."

"नायच?"

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं, जणू इतकी वर्षं क्लच त्यांनीच मुद्दाम बसवून ठेवला होता. मग त्या गजालाकडं वळल्या. "मला चालवू देशील का? जराशी?"

शोरूमच्या मागं भिंत घातलेलं मोकळं आवार होतं. रस्त्यावर न्यायची नाही, या बोलीवर गजाला शेजारी बसली. वच्छलाबाईंनी चपला काढून बाहेर नीट जोडीनं ठेवल्या, पदर खोचला, गाडीला हात जोडले आणि पाय टेकवला.

गाडी इतकी हळू निघाली, की भिंतीजवळ झोपलेलं कुत्रं उठलं, तिच्या बाजूनं चालायला लागलं आणि कंटाळून पुढं निघून गेलं.

"डावीकडं!" काकासाहेब मागं धावत ओरडले. "डावीकडं घे! अगं सोड, सोड, पाय सोड!"

वच्छलाबाईंनी काच वर केली.

पहिली चक्कर झाली, दुसरी झाली. चौथ्या चकरेला काकासाहेब दमून एका खुर्चीवर बसले. पाचव्या चकरेला आतून हसण्याचा आवाज आला. गजाला आणि वच्छलाबाई दोघी कशालातरी खदखदून हसत होत्या. आपल्यालाच हसताहेत हे काकासाहेबांना काचेतूनही कळलं. सातव्या चकरेला गाडी त्यांच्या पायांपुढं हातभर अंतरावर येऊन बरोब्बर थांबली. काच खाली आली.

"खुर्ची मागं घ्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "अजून एक बाकी हाय."

घरी आल्यावर खरा घोळ सुरू झाला. राजनंदिनीचा जीव निळीत अडकला होता. ती एका चार्जिंगमध्ये जास्त लांब जायची, पळायला भारी होती आणि तक्त्यातही पुढं होती. काकासाहेब पांढरीवर अडून बसले.

"पण का, ते तरी सांगा."

"ती पोरगी खरं बोलती."

"पप्पा, आपण गाडी घेतोय. गजालाशी सोयरीक नाही करत."

वच्छलाबाईंनी ह्या वादात तोंड घातलं नाही. त्या कोपऱ्यात बसून मोबाईलवर वाहतुकीच्या खुणांची चित्रं बघत होत्या आणि मधूनच पुटपुटत होत्या, "पुढं अरुंद पूल... पुढं शाळा..."

शेवटी राजनंदिनी म्हणाली, "आधी फाटकातून आत तर आली पाहिजे गाडी."

हा प्रश्न काकासाहेबांच्या वर्मावर होता. आठ वर्षांपूर्वी गल्लीतला विजेचा खांब हलवायचा निघाला, तेव्हा घरी विजेचा दाब चांगला मिळावा म्हणून त्यांनी वजन वापरून तो अगदी स्वतःच्या फाटकाला लावून घेतला होता. दाब मिळाला. पण फाटक अर्धं झाकलं गेलं. आजवर तिथून स्कूटरच जात होती, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं.

राजनंदिनीनं दोन्ही गाड्यांची रुंदी कागदावर लिहून दिली आणि सोमवारी ती कामावर गेली. काकासाहेब टेप घेऊन फाटकात बसले. पांढरी आरामात जात होती. मग त्यांनी निळीचं माप लावलं. एकदा लावलं, दोनदा लावलं, तिसऱ्यांदा खांबाला टेप घासून लावलं.

निळीही जात होती. आरसे मिटले तर दोन्हीकडं चार-चार बोटं राहत होती.

गल्लीत कुणी नव्हतं. 'बसत नाय' एवढं म्हटलं की काम झालं होतं. खांबाच्या बाबतीत पोरगी बापाचा शब्द खाली पडू देणार नव्हती. काकासाहेबांनी ते वाक्य दोन-तीनदा म्हणूनही बघितलं. "बसत नाय गं, पोरी." चांगलं जमत होतं. सवयीचा गळा होता.

संध्याकाळी राजनंदिनी आली, बूट काढता काढता तिनं विचारलं, "काय झालं मापाचं?"

काकासाहेबांनी घसा खाकरला. पोरगी वर बघत होती. दिवसभर उन्हात काम करून आल्यासारखा तिचा चेहरा दमलेला होता आणि त्यावर नुसता प्रश्न होता, संशय नव्हता.

"बसती," ते म्हणाले. "निळी बी बसती. चार-चार बोटं राहतात. आरसे मिटावे लागतील."

आत वच्छलाबाईंची उलथणी तव्यावर थांबली. नवऱ्याला त्या तीस वर्षं ओळखत होत्या.

राजनंदिनी तशीच अनवाणी फाटकात गेली. टेप धरून तिनं स्वतः बघितलं, खांबाशेजारी आपली चार बोटं उभी करून बघितली. मग ती हसायला लागली.

"सकाळी सातला, झोपेत, रोज ही चार बोटं कोण सांभाळणार? आणि आई शिकायचं म्हणतेय. तिला चार बोटं नाही, चार हात लागतील."

"तीन पुरतील," आतून आवाज आला.

"मग पांढरीच घेऊ."

"पण तुझ्या तक्त्यात निळी पुढं हाय ना?" काकासाहेबांनी विचारलं. आपण जिंकलोय हे त्यांना अजून खरं वाटत नव्हतं.

"तक्त्यात खांबाचा रकाना नव्हता, पप्पा."

दसऱ्याला पांढरी गाडी आली. गजालानं चावी राजनंदिनीच्या हातात दिली आणि पेढ्याचा बॉक्स वच्छलाबाईंच्या. महिन्याभरात वच्छलाबाईंनी शिकाऊ लायसनची परीक्षा दिली. पंधरापैकी चौदा आले. चुकलेलं एक उत्तर काकासाहेबांनी सांगितलेलं होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी, काचेवर लाल 'एल' चिकटवून, वच्छलाबाई माहेरी निघाल्या. माहेर करमाडला. शेजारी राजनंदिनी, मागं काकासाहेब. जालना रोडवर त्यांना ट्रक, रिक्षा, दुधाच्या कॅनवाली मोटरसायकल आणि कडब्याचा ट्रॅक्टर अशा सगळ्यांनी मागं टाकलं. काकासाहेबांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ठेवली होती आणि ओठ घट्ट मिटले होते.

करमाडला अंगणात गाडी थांबली. वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ कडुबा घाईनं बाहेर आला आणि त्यानं सवयीनं मागचं दार उघडलं. तिथून काकासाहेब घामाघूम होऊन उतरले.

"दाजी, गाडी भारी हाय! आन् डायवर बी ठेवला का?"

काकासाहेबांनी पुढं बोट केलं. कडुबानं वाकून आत बघितलं. बहीण चालकाच्या सीटवर बसून पदर सारखा करत होती. तो तोंड उघडं ठेवून तसाच वाकलेला राहिला.

"अक्का, मला बी एक चक्कर मारू दे ना."

"आधी लायसन काढ," वच्छलाबाई म्हणाल्या आणि चावी कमरेला खोचून घरात गेल्या.