पट्टी कोण सोडतं?

त्या मंगळवारी डॉ. विजयसिंह इंगवले जयसिंगपूरहून सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला उतरले, तेव्हा त्यांच्या पिशवीत जेवणाचा डबा होता, वाचायला घेतलेलं एक जाड पुस्तक होतं आणि एकोणीस प्रश्नांचा छापील तक्ता होता. वय सदुसष्ट, निवृत्त सर्जन. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दूधवाला आणि वाचनालयातला कारकून सोडला तर त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. म्हणूनच एका प्रशिक्षणाच्या तपासणीसाठी तज्ज्ञ मंडळाचं पत्र आलं, तेव्हा ‘हे मला झेपेल का’ ही शंका आली खरी. पण कुणीतरी आपल्याला बोलावलं याचं बरंही वाटलं.

शहराबाहेरच्या एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात पायाच्या शस्त्रक्रियेचं दोन वर्षांचं प्रशिक्षण चालायचं. बाहेरच्या कॉलेजांतले नवे डॉक्टरही तिथं महिनाभर येऊन काम बघायचे आणि इथं शिकायचं की नाही ते ठरवायचे. मधुमेहानं बधिर झालेले, जखमा चिघळलेले पाय न कापता कसे वाचवायचे, ही तिथली विद्या. मान्यतेची मुदत संपत आली होती. एका दिवसात सगळं पाहून विजयसिंहांनी तक्ता भरायचा होता. त्यांच्या सहीवर मान्यता अवलंबून होती.

संचालक डॉ. राजवर्धन फाटकापाशीच उभे होते. उंचेपुरे, मोठ्या आवाजाचे.

“या सर, या! दुपारी तांबडा-पांढरा सांगून ठेवलाय.”

“मी... डबा आणलाय,” विजयसिंह पुटपुटले.

“डबा? कोल्हापुरात येऊन डबा? आमची लाज काढता काय!”

कार्यालयात चार प्रशिक्षणार्थी डॉक्टर ओळीनं उभे होते. चौघांनीही वाकून विजयसिंहांच्या पायाला हात लावून नमस्कार केला. त्यांना अवघडल्यासारखं झालं. बुटांना एसटीची धूळ होती.

शस्त्रक्रियागृह लखलखीत होतं, ग्रंथालयात नवी पुस्तकं होती. प्रत्येकाच्या नोंदवहीत जखमा साफ करून पट्टी बांधल्याच्या चारशेच्या वर नोंदी होत्या. विजयसिंह एकेका प्रश्नापुढं ‘होय’ लिहीत गेले. चौदावा प्रश्न होता : ‘प्रशिक्षणार्थी जखमा स्वतःच्या हातानं हाताळतात का?’ तो त्यांनी पट्टीची खोली बघेपर्यंत मागं ठेवला.

पट्टीच्या खोलीबाहेर बाकांवर तीसेक माणसं बसली होती. आत एका बुटक्या स्टुलावर निळ्या कपड्यातला, पन्नाशी उलटलेला माणूस बसला होता. एका म्हाताऱ्याची टाच मांडीवर घेऊन तो जखम न्याहाळत होता. मंडळी आत येताच त्यानं ती टाच अलगद खाली ठेवली आणि उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

“पुढची पट्टी तुम्ही सोडून दाखवता का?” विजयसिंहांनी अनुजा नावाच्या प्रशिक्षणार्थीला विचारलं. दुसऱ्या वर्षाची, हुशार मुलगी. तिनं हातमोजे चढवले. मग कात्री शोधू लागली. एक खण उघडला, दुसरा उघडला. कात्री कुठं असते हेच तिला माहीत नव्हतं. कानापर्यंत लाल होत तिनं भिंतीपाशी उभ्या माणसाकडं पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, “गुंडू...”

दाराशी बसलेली एक बाई हसली. बिद्रीकडच्या बाळाबाई. “त्या पोरीला कशाला घाबरं करताय? गुंडूच करतोय की समद्यांचं. दोन वर्सं झाली, माझ्या पायाला दुसऱ्याचा हात लागला न्हाय.”

“डॉक्टर काय करतात?” विजयसिंहांनी विचारलं.

“दारातनं बगत्यात. नाकाला रुमाल लावून.”

राजवर्धननी विजयसिंहांना बाजूला घेतलं. “सर, मनावर घेऊ नका. या मुलांनी मोठ्या शस्त्रक्रिया शिकायच्या, का घाण धूत बसायचं? आणि यांच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या हात बसलाय या कामाला. वासाचंही काही वाटत नाही त्यांना.”

‘यांच्या लोकांचा.’ विजयसिंहांना बोलायचं होतं. पण शब्द वेळेवर येण्याची सवय त्यांना आयुष्यात कधीच नव्हती. 

दुपारी त्यांनी पाहुण्यांच्या खोलीत एकट्यानंच डबा खाल्ला. तो विसळायला मागच्या नळावर गेले, तर धुणीघराच्या भिंतीआड गुंडू भाकरी खात बसला होता. तोही एकटाच. वरच्या खिळ्याला एक कप टांगला होता.

“तुमचा कप?”

“व्हय साहेब. चहा मिळतोय की. कप तेवडा येगळा.” गुंडू उठू लागला. विजयसिंहांनी त्याला बसवलं आणि स्वतः शेजारच्या पायरीवर बसले.

“हे शिकलात कुणाकडून?”

“कोन शिकीवणार? झाडू माराय लागलो हितं. एकदा पट्टी सोडाय कोन न्हवतं, म्हनले सोड गुंडू. बावीस वर्सं झाली. कागदावर आजून झाडूवालाच हाय.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “आता वासावरनं कळतंय, हाडापातूर गेलंय का न्हाय.”

मग त्यानं न विचारताच सांगितलं. गेल्या श्रावणात त्याची आई वारली. चार दिवस तो गावी गेला होता. चिमणाबाई नावाच्या म्हातारीची पट्टी रोज सोडायची होती. पाय बधिर, तिला दुखणार कुठून? तिनं कुरकुर केली नाही आणि कुणी पट्टीला हात लावला नाही.

“आल्या आल्या सोडली. टाच काळी पडलीती. गुडघ्याखालनं काढाय लागला पाय.”

“डॉक्टर नव्हते?”

“व्हते की. चौघं बी. वहीत रोजच्या रोज लिवलंय त्येनी.”

नळाचं पाणी ठिबकत होतं. गुंडूनं भाकरी फडक्यात बांधली.

“साहेब, माझं नाव लिवू नका. झाडूवाल्यानं जखमंला हात लावला म्हनून मलाच काढत्यात. घरात खानारी पाच तोंडं हायती.” मग मान खाली घालून तो म्हणाला, “पन काय बी लिवू नका, आसं बी मला म्हनवंना.”

विजयसिंह खोलीत परतले. पुस्तक उघडलं, पण ओळी दिसेनात. चाळीस वर्षांपूर्वी ज्या रुग्णालयात ते शिकले, तिथंही पट्टीच्या खोलीत असाच एक माणूस होता. त्याच्या हातांनी केलेलं काम विजयसिंहांनी आपल्या नोंदवहीत लिहिलं होतं, त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. त्या माणसाचा चेहरा आठवत होता, पिवळी पडलेली नखं आठवत होती. नाव काही केल्या आठवेना. की ते कधी विचारलंच नव्हतं?

तीन वाजता कार्यालयात राजवर्धननी तक्ता पुढं सरकवला. “फक्त चौदावा राहिलाय, सर.”

“तिथं... मला ‘होय’ लिहिता येईलसं वाटत नाही.”

राजवर्धनचं हसू मावळलं. “कुणी काय सांगितलं तुम्हाला? थांबा.” त्यांनी गुंडूला बोलावून घेतलं. मागून अनुजाही येऊन दारात उभी राहिली.

“गुंडू, सरांचा गैरसमज झालाय. पट्ट्या डॉक्टरच करतात आणि तू नुसता ट्रे देतोस, होय ना? सांग त्यांना.”

एवढं ‘व्हय’ म्हटलं की सगळं सुरळीत होणार होतं. मान्यता मिळणार होती, गुंडूची नोकरी राहणार होती, विजयसिंह घरी जाऊन पुस्तक वाचणार होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी विजयसिंहांनाही वाटलं, ‘होय’ म्हणून टाक बाबा.

गुंडूनं दोन्ही हात पाठीमागं धरले.

“न्हाय साहेब. पट्टी मीच सोडतोय. चिमणाबाईचा पाय माझ्या सुट्टीत गेला. नुसता ट्रे देत आसतो, तर त्यो गेला आसता व्हय?”

 मग राजवर्धन सावकाश म्हणाले, “ठीक आहे. आजपासून एकाही पेशंटला हात लावायचा नाही. झाडू घ्यायचा आणि झाडायचं.” ते विजयसिंहांकडं वळले. “झालं समाधान, सर? बाहेर पट्टीसाठी अजून तेरा माणसं बसलीत.”

विजयसिंह तक्ता घेऊन उठले. पट्टीच्या खोलीत बाळाबाई पाय वर करून बसल्या होत्या. दारात चौघे डॉक्टर गोळा झाले होते. कोपऱ्यात गुंडू, हातात झाडू. स्टूल रिकामं होतं.

“सोडतंय का कोन?” बाळाबाई ओरडल्या. “माझी बिद्रीची गाडी चुकंल की!”

कुणी हललं नाही. विजयसिंहांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, हातमोजे चढवले आणि गुडघ्यावर हात टेकत त्या बुटक्या स्टुलावर बसले.  किती वर्षांत त्यांनी जखमेची पट्टी सोडली नव्हती! खरं म्हणजे, कधी सोडली होती?

“गुंडूराव,” ते म्हणाले, “मला हे येत नाही. शिकवाल का?”

‘गुंडूराव’ ऐकून दारातलं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. गुंडूनं राजवर्धनकडं पाहिलं, मग विजयसिंहांकडं. त्यानं झाडू भिंतीला टेकवला. हात मात्र पाठीमागंच ठेवले.

“हात लावायचा न्हाय म्हंत्यात. बोलाय चालतंय न्हवं? आदी सलाईन वता साहेब. भिजू द्या. वडू नका, कातडं निघतंय.”

पट्टी सुटत गेली तसा वास खोलीभर पसरला. विजयसिंह आणखी खाली वाकले. शेजारी कुणीतरी जमिनीवर उकिडवं बसलं. अनुजा होती. तिनं रुमाल खिशात टाकला होता आणि दोन्ही हातांनी बाळाबाईंची पोटरी तोलून धरली होती.

“आता आतल्या अंगानं दाबा. पू कुटनं येतोय बगा. वरनं न्हाय, खालनं. हितं चुकत्यात समदी.”

विजयसिंहांनी दाबलं.

“आगं आई गं! नवा हाय व्हय ह्यो?” बाळाबाई म्हणाल्या.

“नवाच आहे, बाई,” विजयसिंह म्हणाले.

पट्टी बांधून झाल्यावर हात धुऊन त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर तक्ता ठेवला. चौदाव्या प्रश्नापुढं लिहिलं : ‘नाही.’ खाली, जागा पुरेना म्हणून समासात, बारीक अक्षरात लिहिलं : ‘येथे हे काम एकाच माणसाला येते. त्याला त्या कामाचे पद, पगार आणि शिकवण्याचा मान मिळेपर्यंत मान्यता देऊ नये. त्याला कामावरून काढल्यास ते माझ्या अहवालामुळे घडले असे समजून मी त्याविषयी जाहीरपणे लिहीन. मी स्वतः माझ्या शिक्षणकाळात दुसऱ्याचे काम माझ्या नावावर लिहिले आहे.’ आणि सही केली.

राजवर्धननी खांद्यावरून ते वाचलं. “दोन वर्षं इथं शिकणाऱ्या मुलांचं नुकसान करताय तुम्ही. आणि वर या वयात तिथं जाऊन बसलात. शोभतं का हे, सर?”

या खेपेला मात्र शब्द वेळेवर आले.

“नाही शोभत. चाळीस वर्षं उशीर झालाय.”

मागं बाळाबाई चपलेत पाय घालत होत्या. बाहेर अजून बारा माणसं होती आणि त्यांतल्या कितीजणांना आपला पाय चिघळत असल्याचं जाणवतही नव्हतं.

“अठरा नंबर या,” अनुजानं हाक दिली आणि ती स्टुलावर बसली. मग गुंडूकडं न बघताच, खालच्या आवाजात तिनं विचारलं, “मामा, कात्री कुठल्या खणात असते?”