जेठूंना ताप हवा

ऋताचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकात छापून आला तेव्हा बाबांनी त्याला फ्रेम करायचा घाट घातला. वाचला मात्र घरात कुणीच नाही. शेवटी वाचला तो खालच्या मजल्यावरच्या घरमालकांनी, भवतोष लाहिरींनी, आणि तोही लाल पेन्सिल घेऊन. त्यांचा रक्ताचा कॅन्सर उलटला होता आणि डॉक्टरांनी सुचवलेला उपचार नेमका ऋताच्या निबंधातला होता. रोग्याच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत त्याच्याच अंगात सोडायच्या.

बाबांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा ऋता बालवाडीत होती. तेव्हापासून बिऱ्हाड बागबाजारात, लाहिरींच्या माडीवर. म्हणून लाहिरी तिचे जेठू, म्हणजे थोरले काका, आणि त्यांची बायको जेठिमा.

जेठू कॅन्सरला भ्यायले नाहीत. त्यांनी बोट ठेवलं ते एकाच वाक्यावर.

"इथे लिहिलंयस, बहुतेकांना ताप येतो."

आता ताप म्हणजे या घराचा पिढीजात वैरी. दुर्गापूजा आटोपली की जेठूंच्या डोक्यावर माकडटोपी चढायची ती थेट होळीला उतरायची. ओल्या केसांनी जिना उतरणाऱ्या ऋताला जेठिमानं कितीदा तरी धरून खसाखसा पुसलं होतं.

"ताप येणार असेल तर मला नको," जेठूंनी निकाल देऊन टाकला.

एवढ्या वर्षांत एक वाचक मिळाला आणि तो तिच्याच वाक्यापायी मरायला निघाला!

"जेठू, ताप चांगला असतो. ताप आला की समजायचं, शिपाई कामाला लागले."

हे अर्धंच खरं होतं. काहींना ताप न येताही गुण येतो, काहींना तोच ताप जिवावर बेततो. धोके डॉक्टरांनी समजावले होतेच, पण जेठूंना पटले ते शिपाई. त्यांनी सही केली आणि ऋतानं उरलेलं अर्धं सांगितलंच नाही.

पेशी अंगात गेल्या. ताप काही येईना. जन्मभर ताप टळावा म्हणून नवस बोलणारी जेठिमा आता ताप यावा म्हणून देवीला साकडं घालू लागली. देवीही बुचकळ्यात पडली असेल.

एका दुपारी न्यू टाउनच्या प्रयोगशाळेत ऋताला नर्सचा फोन आला. "तुमच्या काकांनी टोपी काढून फेकलीय, एसी सोळावर नेलाय आणि वर कुल्फी मागतायत. लवकर या."

ती धापा टाकत इस्पितळात पोचली. जेठू उघड्या डोक्यानं एसीखाली बसले होते.

"शिपाई झोपलेत," ते म्हणाले. "ताप आणायचाच, म्हटलं."

"असा नाही येत तो! आणि नाही आला तरी बिघडत नाही. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं."

"म्हणजे फसवलंस?"

"हो."

"निबंधात तरी खरं लिहिलंयस ना?"

"तिथलं सगळं खरं आहे."

"मग ठीक. मला फसवलंस तर चालतं, छापलेलं खोटं नको."

ऋताला रडू फुटलं. "तुम्ही सही केली नसतीत तर मी काय करणार होते?"

जेठूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात चटका बसेल इतका तापला होता. बहुतेकांना ताप येतो असं स्वतःच लिहिलेली ही बाई "नर्स! नर्स!" करत वऱ्हांड्यात धावली.

"आला का?" जेठूंनी विचारलं. नर्सनं थर्मामीटर बघून मान डोलावली आणि डॉक्टरांना बोलावलं.

"मग आता टोपी द्या. हुडहुडी भरलीय."

बाहेर जेठिमा ओळखीपाळखी नसलेल्यांना संदेश मिठाई वाटत सुटली होती. कशाबद्दल, असं कुणी विचारलं की म्हणे, "आमच्या ह्यांना ताप आला!" लोक तिच्याकडे बघत, पण संदेश घेत.

पुढचे काही दिवस सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. औषधांनी ताप उतरला आणि पुढच्या महिन्याच्या तपासणीत रक्तात रोग सापडला नाही.

पौषातल्या एका सकाळी ऋता केस ओलेच ठेवून कामावर निघाली. जेठिमा टॉवेल घेऊन आडवी आली. "अगं, ताप येईल ना!"

"येऊ दे की," माकडटोपीतून जेठू म्हणाले.

ऋता मुकाट्यानं पायरीवर बसली आणि जेठिमापुढे तिनं डोकं वाकवलं.