सहादेवची बोटं

बहात्तर सालचा शिमगा जवळ आला होता. बांगलादेशात पलटणीबरोबर असलेला सहादेव रजेवर राजूरजवळच्या आपल्या गावी आला, आणि आल्यापासून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. आज तो लंगोटीयार गहिनीनाथच्या बांधावर बसून तिकडच्या गोष्टी सांगत होता. पुढ्यात भाताच्या रोपांची जमीन भाजायला पेटवलेला फांद्या-पाल्याचा राब धुमसत होता.

"सकाळी चहा प्यायचा अन् भातखाचरात पालथं पडायचं. लढाईत पुरलेले सुरुंग हुडकायचे. हातात लोखंडी सळई. ती तिरपी खुपसायची, हळू. टोकाला काय लागलं ते बोटांनी वळखायचं. दगड का सुरुंग!"

"अन् वळखू आलं न्हाई तर?"

"तर तुझ्या मागची कटकट गेली म्हनायचं." सहादेव खदखदून हसला. "तिथले शेतकरी बैल घिऊन बांधावर उभे असत्यात. आमी उठलो की नांगर घालत्यात. आपल्यावानीच मानसं, गहिनी."

गहिनीनाथला काही हसू आलं नाही. हा गडी लहानपणापासून जिवावरचं सगळं असंच थट्टेवारी नेई.

सहादेवनं विडी ओठात धरली, राबातला निखारा चिमटीत उचलला आणि सावकाश विडी शिलगावली.

"शाब्बास रे फौजी!" गहिनीनाथ म्हणाला. मग त्याला कातडी जळाल्याचा वास आला. सहादेव निखारा तसाच धरून बोलत होता. गहिनीनाथनं फटका मारून तो खाली पाडला.

"कवापास्नं हाय हे?"

"काय? निबर झालीत बोटं." सहादेवनं हात धोतराला पुसला. "शेजारचा गडी उडाला, तवा जरा बधिर झाली हुती. आता बेस हाय."

"सायबाला सांगितलंस?"

"सांगितलं तर घरी धाडतील. अर्धी खाचरं अजून तशीच हायत."

उद्या सकाळच्या एसटीनं तो निघणार होता. हा आता परत येत नाही, असं गहिनीनाथला चक्क वाटलं, आणि त्याचा भयंकर रागही आला.

"डोळे मीट," तो म्हणाला. "बोटावर ठेवतो ते वळख. वळखलंस तर जा खुशाल."

सहादेवनं पैज लावल्यासारखे मजेत डोळे मिटले आणि उजवा हात पुढं केला. गहिनीनाथनं बांधावरच्या करवंदीचा काटा मोडला, बोटाच्या टोकावर टेकवला आणि दाबला. आणखी दाबला. रक्ताचा थेंब वर आला.

"ठेव की गड्या लवकर," सहादेव मिटल्या डोळ्यांनी म्हणाला.