बिनड्रॉइंगची बंदूक

हेमराज कापगत्यांनी सकाळपासून चौथ्यांदा पाणी मागितलं, तेव्हा दिपालीने सरळ तांब्याच त्यांच्यापुढे आणून ठेवला.

"काका, तब्येत ठीक हाय ना?"

"ठीक हाय, ठीक हाय," म्हणत ते उठले, खिडकीपर्यंत गेले, सेक्टर सहाच्या रस्त्यावर पाहण्यासारखं काहीही नाही याची खात्री करून घेतली आणि परत येऊन बसले. बसले कसले, टेकले. पोरीला पाहायला पाहुणे यावेत आणि बापाने ओसरीत खेपा घालाव्यात, तशी त्यांची गत झाली होती. फरक एवढाच, की यांची पोरगी समोरच्या दिवाणावर चादरीखाली निजली होती आणि ती यांची आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते एकट्या दिपालीला. तिचा नवरा सुजय स्टील प्लांटमध्ये इंजिनिअर, आणि त्याच्या क्वार्टरात दर जानेवारीच्या पहिल्या रविवारी छऱ्याच्या बंदुकांचे चार शौकीन जमायचे. सुजय स्वतः, पॉवर हाउसच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवणारा आनंद, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले सत्तरीचे शामराव, आणि हेमराज. वर्षभर हे चौघे एकमेकांच्या बंदुकांची तोंडावर तारीफ करायचे. एवढं गोड बोलून कोणाचंही तोंड आंबतं. म्हणून वर्षातला हा एक दिवस त्यांनी खरं बोलायला ठेवला होता. या दिवशी निवाडा व्हायचा तो कुरूप बंदुकांचा.

रीत ठरलेली. आदल्या दिवशी ज्याने त्याने आपल्याकडचं एखादं, हौस असेल तर दोन-तीन वेडीविद्री ध्यानं गुपचूप दिपालीच्या हवाली करायची. ती ते सगळं दिवाणावर मांडून वर चादर घालायची. मग सुजयने एकेक बंदूक उघडी करायची, चौघांनी मत द्यायचं, आणि मगच मालकाने उठून ती उचलायची. चौघांनीही नाक मुरडलं तर तिच्यावर लाल खडूची फुली. मशीन शॉपमध्ये नापास जॉबवर, बिघडलेल्या तुकड्यावर, मारतात तशीच. खडू अर्थातच हेमराजांच्या हातात, कारण छत्तीस वर्षं मशीन शॉपचं लोखंड त्यांनीच खाल्लेलं.

आणि ती छत्तीस वर्षंच या माणसाला आज बसू देत नव्हती. लेथवर त्यांनी काय नाही केलं? शाफ्ट, बुश, गिअर, सगळं. पण प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून. ड्रॉइंगबाहेर सूतभर गेले नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. रिटायर झाल्यावर मात्र एका दुपारी मनात आलं, की आपल्या डोक्यातली अशी एक तरी वस्तू या हातांनी केली का? उत्तर आलं, नाही. मग एका जुन्या बंदुकीची नळी नि आतलं यंत्र तसंच ठेवून त्यांनी तिचा लाकडी दस्ता नव्याने घडवायला घेतला. उतई गावच्या सुताराकडून शिसवी ओंडका आणला. कागदावर एक रेघ ओढली नाही.

लेथवर वाकून वाकून त्यांची मान आखडली होती. नेम धरताना गाल दस्त्याला टेकेनासा झाला होता. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. मान खाली जात नाही ना, मग लाकूडच वर येऊ दे. दस्त्याला पाठीवर उंचवटा आला, मागचा भाग खाली उतरला, मूठ थोडी वाकडी झाली. चौदा महिने वैशाली नगरच्या घराच्या मागच्या पडवीत ते घासत, तेल पाजत बसले. बायको मनकर्णाबाई म्हणायच्या, "त्या लाकडाले एवढं गोंजारता, मायाशी दोन शब्द बोला." त्यांच्या लेखी ती बंदूक देखणी होती. नुसती देखणी नाही, शहाणी होती.

मग सरळ दाखवायची ना दोस्तांना! पण तोंडावर वाईट कोण म्हणतो? 'वा, हेमराजभाऊ' म्हणून मोकळे झाले असते. त्यांना खरं ऐकायचं होतं. म्हणून त्यांनी ती कुरूपांच्या पंगतीत बसवली. चादर सरकताच शामराव म्हणतील, "हे इथी कशी आली?" हे वाक्य हेमराजांनी आठवडाभर मनातल्या मनात इतक्यांदा ऐकलं होतं, की ते शामरावांनी आधीच म्हटल्यासारखं वाटत होतं.

सुजयने पहिली बंदूक उघडी केली. पत्र्याची, खाली हवा भरायचा लांबलचक दांडा.

"सायकलच्या पंपाले चाप लावला," आनंद म्हणाला.

"पन जे हाय ते दिसते," हेमराज म्हणाले. "हवा भरते, अन् हवा भरनाऱ्यासारखीच दिसते. मी पास करतो." आनंदने हसत ती उचलली. स्वतःच्याच बंदुकीला नावं ठेवायची, हीही या दिवसाची एक मजा होती.

दुसरी काळी, प्लास्टिकची, अंगभर खाचा, खोट्या जाळ्या, नुसत्या दाखवायच्या कळा. शामरावांनी चष्मा वर केला. "हे बंदूक नाई. पान्याचा फिल्टर होय."

"काका, लुक तो देखो! आजकल यही चलता है," सुजय म्हणाला, त्यावरून ती कोणाची हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं.

हेमराजांना मात्र आवेश चढला. जिवाची धाकधूक दुसऱ्याच्या बंदुकीवर काढायला बरी. "या जाळीतून हवा जाते? नाई. हे कय दाबली त काई होते? नाई. मंग कावून ठेवली? जे नाई ते दाखवते, त्याले मी कुरूप म्हनतो. बेढब असलं त चालते, खोटं नाई चालत!" सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वतः सुजयनेही हात वर केला. काळीवर फुली पडली.

आणि मग तिसरी.

चादर सरकली. हेमराजांनी शामरावांकडे पाहिलं. मान वळत नाही, म्हणून ते अख्खे वळले.

मग आनंद फस्सकन हसला. "अरे बापा! हिले त कुबड निंगालं!"

"किसी ने नशे में काटा है क्या?" सुजय म्हणाला. "काका, इधर से देखो. पोट पन आलं हिले."

"पोट पुढं, कुबड मागं. आमच्या घरमालकासारखी," आनंद म्हणाला, आणि दोघे खो खो हसत सुटले.

हेमराजांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. उठावं, पाणी प्यावं, लघवीला जावं, स्कूटर काढून सरळ सुपेल्याच्या पुलावरून घर गाठावं, सगळं एकदम वाटलं. पण शामराव राहिले होते. त्यांनी लाकडावरून एकदाच अंगठा फिरवला.

"लाकूडकाम नंबरी हाय," ते म्हणाले. "करनाऱ्यानं घाई नाई केली." हेमराज पुढे सरकले. "पन दिसाले... नाई बा. बेढब हाय."

संपलं. आता हेमराजांची पाळी.

खरं तर तोंड उघडायचं आणि तीन शब्द बोलायचे होते. पण तिघांच्या चेहऱ्यांवर अजून हसू होतं, आणि त्या हसण्यासमोर साठी उलटलेला माणूस शाळकरी पोरासारखा भ्याला. नुसतं भ्याला असता तरी ठीक. भ्यालेला माणूस जास्तच बोलतो.

"कोन्या रिकामटेकड्याचं काम दिसते," हेमराज म्हणाले. "ड्रॉइंग नाई, माप नाई. मनाले आलं तसं कापलं. करनाऱ्याले डोये नव्हते काय? आमच्या शॉपमदी असा जॉब आनला असता त दरवाज्यातूनच परत धाडला असता!"

हशा पिकला. त्या हशाच्या नादात त्यांनी खडू घेतला आणि चौदा महिने तेल प्यालेल्या शिसवीवर लाल फुली ओढली. फुलीचा एक पाय लांबच लांब गेला. आपल्याच लेकराला चारचौघांत ओळख न देणाऱ्या बापाला जे वाटावं, ते त्यांना त्या घटकेला स्वच्छ वाटलं. तरी ते खडू खाली ठेवून जागेवर येऊन बसले.

"चला, मालक कोन?" सुजयने विचारलं.

कोणी उठेना. स्वयंपाकघराच्या दारात दिपाली पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. ती हेमराजांकडे पाहत होती आणि हेमराज जमिनीकडे.

"मालक नाई त भंगारात," आनंद म्हणाला.

शामरावांनी बंदुकीकडे पाहिलं, लांब पायाच्या फुलीकडे पाहिलं, हेमराजांच्या ताठ मानेकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले.

"मायी हाय," ते म्हणाले.

"आपकी? शामराव काका, आप?" सुजयच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू. आनंदने तर टाळीच दिली. म्हाताऱ्याने सगळं निमूट अंगावर घेतलं.

हेमराजांना आधी सुटल्यासारखं वाटलं. वाचलो! आणि लगेच स्वतःची किळस आली. माणूस आपल्यासाठी खोटं बोलतोय, हसं करून घेतोय, आणि आपण पोह्यांची वाट बघतोय.

"धरून त दाखवा, काका!" आनंद म्हणाला.

शामरावांनी बंदूक खांद्याला लावली. लावली ती जगरहाटीसारखी, मान वाकवून, डोकं खाली घालून. उंचवटा गालफडात घुसला, चष्मा कपाळावर चढला, नळी छताकडे. आता तर सुजय भिंतीला टेकला.

हेमराजांकडून ते पाहवेना. हसणं पाहवलं होतं, फुली पाहवली होती, हे पाहवेना.

"तसं नाई!" ते ओरडले आणि उठले. "मान कावून वाकवता? ताठ उभे राहा. ताठ! तुमी खाली नका जाऊ, ते वर येते गालापाशी. हां. कोपर सोडा. आता पाहा."

शामराव ताठ उभे राहिले. बंदूक आपोआप वर आली आणि गालाला लागून थांबली. नळी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर सरळ रोखली गेली. एवढीशीही हलेना.

"अरेच्चा," शामराव म्हणाले.

खोलीतलं हसू ओसरलं. सुजयने विचारलं, "काका, तुमाले कसं मालूम?"

"मालूम असनार नाई त काय! चौदा महिने घासली मी हिले." हेमराजांचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "शामराव खोटं बोलून राहिले. मायासाठी बोलून राहिले. अन् त्याच्या आधी मी बोललो. डोये नाईत, माप नाई, सारं मीच बोललो."

शामरावांनी बंदूक खांद्यावरून उतरवली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. "घे बाबा. मले वाटलं, तू उठतच नाईस."

हेमराजांनी ती घेतली. आनंद डोकं खाजवत उभा होता. माणूस वाईट नव्हता, फक्त या दिवशी खरं बोलायची शपथ त्याला पाळायची होती.

"हेमराजभाऊ, राग नका मानू," तो म्हणाला. "नेम भारी बसते, मान्य. पन दिसाले अजून बी बेढबच हाय."

"हाय ना," हेमराज म्हणाले. "बेढब हाय. पन मायी हाय."