नसलेल्या साउंड कार्डची कैफियत

मी साउंड कार्ड बोलतोय, संगणकातून आवाज काढणारं. आता संगणक उघडून मला शोधायला जाल, तर हात हलवत परत याल. मी तिथे नाहीच. मी नुसता एक प्रोग्राम आहे, साउंड कार्डाचं सोंग घेतलेला.

माझा जन्म आत्यासाठी झाला. ती बसस्थानकावर घोषणा करायची. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला, पण स्थानकाच्या जुन्या प्रोग्राममध्ये तो भरून ठेवलेला होता. आत्याने टाइप करायचं, त्याने तिच्या आवाजात बोलायचं, असं तिच्या भाचीने ठरवलं. पण तो म्हातारा प्रोग्राम हट्टी! जुनं कार्ड असेल तरच तोंड उघडणार. ते कार्ड कुठे मिळेना, म्हणून मला उभं केलं.

म्हातारा कार्डाला हुकूम सोडतो: 'या गतीने वाजव', 'आवाज एवढा ठेव'. भाचीला घाई होती. तिने मला शिकवलं, काहीही सांगितलं तरी 'झालं' म्हणायचं. मीही मान डोलवत राहिलो, कामाच्या नावाने शून्य.

पहिल्याच दिवशी आत्याने टाइप केलं आणि, गती मी पाळलीच नव्हती म्हणून, खोलीत उंदराने चीं चीं करावी तसा आवाज निघाला. आत्याचे यजमान, काका, पोट धरून हसले. "अगं, बस सुटली की काय तुझी?" आत्याने वायर उपटली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मला फार वाईट वाटलं. तिचा आवाज दुसऱ्यांदा जात होता.

भाची इरेला पेटली. अडचण अशी, की हुकुमात गती नसे, ती कुठे ठेवलीय त्याचा पत्ता असे. पत्ता म्हाताऱ्याच्या घरचा, म्हणजे त्याच्या मेमरीतला, आणि मला तिथे पाय ठेवायला बंदी! दारात कर्नेल नावाचा, संगणकाचा सगळा कारभार सांभाळणारा खडूस पहारेकरी. तिने मला रीतसर विचारायला शिकवलं: 'साहेब, त्या पत्त्यावर काय आहे, तेवढं आणून द्या.' तो आणतो, आणि अख्खा हुकूम पहिल्यापासून पुन्हा ऐकवतो, मी बहिरा असल्यासारखा.

"आत्या, एकदाच. नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही," भाची म्हणाली.

आत्याने टाइप केलं. "अहो, तुम्ही हसलात ना, फार लागलं मला." तोच स्वच्छ, भारदस्त आवाज. काकांचे डोळे भरून आले.

"पुन्हा बोल," ते म्हणाले.

आता दूध उतू गेलं तरी घरात घोषणा होते. दुरुस्तीवाले सांगतात, हे जुनाट सामान काढा, गोड आवाजाचं नवीन मिळतं. काढा बापडे. फक्त आधी काकांना विचारा. ते रोज मुद्दाम आत्याची कळ काढतात, तिने रागवावं म्हणून.